उद्योगपतीचा गव्हर्नर झाला: असं चरित्र कसं लिहायचं, लुईस फेर्रेंच्या निमित्ताने

मागच्या वर्षी आमच्या वाचन कट्ट्यावर मी लुईस फेर्रे या माणसावर वीस मिनिटं बोललो आणि अकराव्या मिनिटाला समोरचे दोघं डुलक्या काढत होते. चूक माझीच. जन्म, शिक्षण, कारखाना, राजकारण, निधन अशी मालगाडी जोडली होती, एक डबा गेला की दुसरा. वर मी सगळीकडे "राज्यपाल" म्हणत राहिलो, तर शेवटी एका काकांनी विचारलं, "अरे पण याला नेमला कोणी? आणि राज्यपाल निवडणूक हरला म्हणजे काय, राज्यपाल कधीपासून निवडणूक लढवायला लागले?" म्हणजे मूळ गोष्टच पोचली नव्हती. मग घरी येऊन सगळं परत लिहून काढलं, आणि ते करताना जे जे कळलं ते इथे टाकतोय, कारण कोणाला दिवाळी अंकासाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नाहीतर नुसतं स्वतःच्या हौसेसाठी असल्या माणसावर लिहायचं असेल तर उपयोग होईल.

माणूस कोण ते आधी दोन ओळींत. लुईस आल्बेर्तो फेर्रे, पोर्तो रिको नावाच्या कॅरिबियन बेटावरचा, पोन्से गावचा. जन्म १७ फेब्रुवारी १९०४, सिमेंटचा मोठा कारखानदार, १९६९ ते १९७३ बेटाचा गव्हर्नर, आणि २००३ मध्ये ९९ व्या वर्षी गेला. आता हे वाक्य वाचून सगळं कळलं असं वाटतं ना, तिथेच गाडी घसरते.

पहिली गोष्ट म्हणजे तो "राज्यपाल" शब्द काढून टाका. आपल्याकडे राज्यपाल म्हणजे दिल्लीने नेमलेला, शपथ देणारा माणूस. पोर्तो रिकोचा गव्हर्नर म्हणजे लोकांनी थेट मतं देऊन निवडलेला, सरकार चालवणारा माणूस, आपल्या भाषेत जवळजवळ मुख्यमंत्रीच. गंमत अशी की आधी तिथेही नेमणुकच व्हायची, १८९८ ला स्पेनकडून बेट अमेरिकेकडे गेलं तेव्हापासून वॉशिंग्टनहून माणूस यायचा. लोकांनी मत देऊन गव्हर्नर निवडला तो पहिल्यांदा १९४८ ला, लुईस मुन्योस मारीन. त्यामुळे "गव्हर्नर" तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात सांगून टाका की हा निवडून आलेला असतो.

नावांचंही एकदा आधीच ठरवून घ्या. मी सुरुवातीला "फेरे" लिहायचो तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लग्नातले फेरे, म्हणून र ला र जोडून फेर्रे. आणि स्पॅनिश माणसाच्या नावात शेवटचं आडनाव आईकडचं असतं, बापाचं त्याच्या आधी येतं. म्हणजे फेर्रेंना ज्यांनी हरवलं त्या राफाएल एर्नांदेस कोलोन यांचा उल्लेख नुसता "कोलोन" असा केलात तर तुम्ही त्यांना आजोळच्या नावाने हाक मारताय. आपल्याकडे मधलं नाव बापाचं, त्यामुळे हा घोळ मराठी माणसाकडून हमखास होतो, माझ्याकडून झाला.

आता सुरुवात कुठून करायची. जन्मापासून नको. बेटाच्या भांडणापासून करा. कारण पोर्तो रिकोतलं राजकारण आपल्यासारखं डावं-उजवं नाही, तिथे मुख्य प्रश्न एकच, अमेरिकेशी आपलं नातं काय? तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही, आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात त्यांचा जो एक प्रतिनिधी असतो त्याला सभागृहात कायदा मंजूर करताना मत नसतं. मग तीन गट पडतात, आहे तसंच स्वायत्त राहू म्हणणारे, अमेरिकेचं पूर्ण राज्य व्हा म्हणणारे, आणि स्वतंत्र देश हवा म्हणणारे. मुन्योस मारीन आणि त्यांचा पॉप्युलर डेमोक्रॅटिक पक्ष पहिल्या गटातला, १९५२ ची स्वायत्त व्यवस्था त्यांचीच. फेर्रे आयुष्यभर दुसऱ्या गटात. हे पहिल्या दोन परिच्छेदांत सांगितलं नाही तर पुढची प्रत्येक निवडणूक वाचकाला नुसता आकडा वाटते.

पैशाचा भाग आला की लोक एकतर घाईघाईने उरकतात नाहीतर भारावून जातात, "यशस्वी उद्योजक" असं लिहून मोकळे. तसं करू नका, पैसा नेमका कशातून आला ते शोधा, चरित्राचा निम्मा मसाला तिथेच असतो. फेर्रेंचे वडील आंतोनियो क्युबात जन्मलेले, आजोबा फ्रान्सहून आलेले. वडिलांनी १९१८ ला पोन्सेमध्ये ओतकाम आणि मशिनरीचा कारखाना काढला, गिऱ्हाईक कोण, तर साखर कारखाने. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजवायला काहीच कष्ट नाहीत, ऊस, गाळप, मिलचे रोलर, सीझन संपला की दुरुस्तीची कामं. फरक एवढाच की हे स्वतः साखरसम्राट नव्हते, साखरसम्राटांची यंत्रं नीट ठेवणारे होते. लुईस शिकायला बोस्टनकडे गेले, एमआयटीतून इंजिनिअर झाले, १९२५ पर्यंत मास्टर्स पण झालं, आणि त्याच शहरात पियानोही शिकले. तो पियानो शेवटपर्यंत सुटला नाही, गव्हर्नर झाल्यावरही वाजवायचे.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला भावांनी मिळून पोन्से सिमेंट काढली. आणि आता नीट बघा, १९५० ला काय झालं. सरकारने स्वतः उभारलेले सिमेंट, काच, कागद, मातीकामाचे कारखाने तोट्यात आणि कामगारांच्या कटकटीत अडकले होते, सरकारला ते विकायचे होते, आणि विकत घेतले फेर्रे कुटुंबाने. म्हणजे मुन्योस मारीनच्या सरकारने आपले कारखाने विरोधी पक्षातल्या घराण्याला विकले. त्याच वेळी हेच सरकार बेटाचं औद्योगिकीकरण करायला निघालेलं, बाहेरून कंपन्या आणा, रस्ते करा, लाकडी झोपड्या जाऊन पक्की घरं होऊ द्या. आणि पक्कं घर म्हणजे? सिमेंट. सत्ताधाऱ्यांची प्रत्येक विकासयोजना फेर्रेंच्या गोणीतून जात होती. मला हा सगळ्या आयुष्यातला सगळ्यात मस्त भाग वाटतो, आणि मी पहिल्या भाषणात हा एका ओळीत उरकला होता, काय बोलणार.

तर टीप अशी की उद्योगपतीचा पैसा लिहिताना गिऱ्हाईक कोण हे विचारा. गिऱ्हाईक कळलं की राजकारण आपोआप कळतं.

यानंतर येतो तो भाग जो बहुतेक लेखांत गायबच असतो. "उद्योगपती होते, मग राजकारणात आले, १९६८ ला गव्हर्नर म्हणून निवडून आले." हे "मग" फार फसवं आहे. यादी करा, तारखा लिहून काढा. १९४० ला पोन्सेच्या महापौरपदाला उभे, हरले. १९४८ ला वॉशिंग्टनमधल्या त्या बिनमताच्या प्रतिनिधीच्या जागेसाठी, हरले. मधे घटना समितीत होते, १९५२ ला बेटाच्या विधिमंडळात पोचले, तेवढीच कमाई. १९५६ ला गव्हर्नरपदाला उभे, चौथाईच्या आसपास मतं, हरले. १९६० हरले. १९६४ हरले, मात्र मतं आता एक तृतीयांशाच्या थोडी वर. समोरचा पॉप्युलर पक्ष १९४० ला बेटाचं सिनेट, म्हणजे विधिमंडळाचं वरचं सभागृह, जिंकून आला तो १९६८ पर्यंत हललाच नाही. म्हणजे जेवढी वर्षं ते सत्तेत, बरोब्बर तेवढी वर्षं हा माणूस हरतोय. २८ वर्षं. पैशाने निवडणूक विकत घेता येते असं ज्यांना वाटतं त्यांना हा २८ चा आकडा दाखवा, आणि पैशाचा काहीच संबंध नव्हता असं ज्यांना वाटतं त्यांना हे विचारा की २८ वर्षं हरत राहणं परवडतं कोणाला? शिवाय १९४८ लाच फेर्रेंनी पोन्सेतलं एल दिया हे वर्तमानपत्र घेतलं होतं, पुढे मुलाने ते राजधानीत नेलं आणि नवं नाव दिलं, आज ते बेटावरचं मोठं दैनिक आहे. पेपर हाती असणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता १९६७-६८. इथे थांबा, घाई नको, पूर्ण पान खर्च करा.

२३ जुलै १९६७ ला सार्वमत झालं, बेटाने काय व्हायचं. फेर्रे ज्या पक्षात होते त्याचे अध्यक्ष मिगेल आंखेल गार्सिया मेंदेस, आणि हे कोण तर फेर्रेंचे साडू, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साडू म्हणाले सार्वमतावर बहिष्कार टाकायचा. फेर्रे म्हणाले लढायचं. पक्ष एकीकडे राहिला आणि फेर्रे बाहेर पडून अमेरिकेचं राज्य व्हा म्हणणाऱ्यांना गोळा करून लढले, आणि परत हरलेच, स्वायत्तता ६० टक्के, राज्य ३९ टक्के. पण ३९! गव्हर्नरच्या कुठल्याही निवडणुकीत एवढं कधी मिळालं नव्हतं. त्या जोरावर त्याच वर्षी नवा पक्ष काढला, न्यू प्रोग्रेसिव्ह पार्टी, निळा रंग, पामचं झाड. साडूचा जुना पक्ष बघता बघता संपला.

तरी ३९ ने निवडून येत नाही ना कोणी. उरलेलं काम समोरच्यांनी केलं. मुन्योस मारीन १९६४ ला स्वतःहून बाजूला झाले आणि सांचेस विलेया यांना गव्हर्नर केलं. पुढे दोघांचं फाटलं, त्यात सांचेस विलेयांचा घटस्फोट आणि लगेच दुसरं लग्न, कॅथलिक बेटावर बोंबाबोंब, पक्षाने तिकीट दिलं नाही. मग हा विद्यमान गव्हर्नर दुसऱ्या छोट्या पक्षाकडून उभा राहिला आणि दहाबारा टक्के मतं घेऊन गेला. पक्षाचे अधिकृत उमेदवार नेग्रोन लोपेस ४१ च्या आसपास, फेर्रे ४४ च्या जरा आत. आले निवडून, वय ६४.

इथे तुम्ही "लोकांनी परिवर्तनाला कौल दिला" वगैरे लिहाल, बेटावर घोषणाही तशीच होती, हे बदललंच पाहिजे अशी. पण जरा थांबून १९७२ चा आकडा शेजारी ठेवा. तेव्हा पॉप्युलर पक्ष परत एक झाला होता, उमेदवार ३६ वर्षांचा एर्नांदेस कोलोन, तोही पोन्सेचाच. फेर्रे हरले. आणि त्यांची मतं किती टक्के? परत ४३ आणि ४४ च्या मधेच! जिंकताना तेवढीच, हरताना तेवढीच. म्हणून असल्या चरित्रात नुसतं जिंकला-हरला लिहू नका, टक्के लिहा, आणि समोर किती जण उभे होते ते लिहा. आपल्याकडे बंडखोर उभा राहून अधिकृत उमेदवाराला कसं पाडतो हे गल्लीतल्या पोराला पण माहीत असतं, तोच हिशोब.

मराठी वाचकाला हे सगळं जवळ आणायचं असेल तर ओढूनताणून शिवाजी पार्क आणायची गरज नाही, खरा धागा गोव्यात आहे. तेच वर्ष, १९६७. १६ जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, मतपत्रिकेवर विलीनीकरणाला फूल, केंद्रशासितला दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने होते भाऊसाहेब बांदोडकर, तेही व्यवसायातून आलेले, खाणमालक, आणि तेही एका छोट्या प्रदेशाचे निवडून आलेले प्रमुख. कौल ते हरले, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. आणि दोनच महिन्यांनी निवडणूक झाली तेव्हा लोकांनी परत त्यांनाच मुख्यमंत्री केलं. गोव्यातल्या कौलानंतर सहा महिन्यांनी पोर्तो रिकोत फेर्रे सार्वमत हरतात आणि पुढच्या वर्षी गव्हर्नर होतात. म्हणजे लोकांना माणूस चालतो, त्याचा मुख्य मुद्दा चालत नाही! दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचं काही कारण नाही आणि तुम्हीही तसं सुचवू नका, पण शेजारी ठेवलं की वाचकाची ट्यूब पेटते. फरक पण सांगा मात्र. बांदोडकर बहुजन समाजाचे नेते म्हणून आले, फेर्रे बेटावरच्या श्रीमंत घरातले. गोवा १९८७ ला स्वतंत्र राज्य झालं, पोर्तो रिको अजून झालेलं नाही.

कारकिर्दीची चार वर्षं लिहिताना दोन रकाने मनात ठेवा, कागदावर मांडायची गरज नाही. एकात लोकांच्या हातात काय पडलं. १९६९ चा नाताळ बोनसचा कायदा, खासगी मालकांनी कामगारांना डिसेंबरात बोनस द्यायचाच. दिवाळी बोनस म्हटलं की आपल्या वाचकाला लगेच कळतं, आणि हेही कळतं की असा कायदा एका कारखानदाराने आणला यात काय मजा आहे. सरकारी जमिनीच्या तुकड्यांवर राहणाऱ्या गरिबांना एका डॉलरमध्ये मालकीहक्क देणं. मतदानाचं वय १८ वर आणणं. राज्य झालं तरी आपली भाषा आणि आपला गावाकडचा बाज सोडायचा नाही ही त्यांची मांडणी, खेडुताचं राज्यपण म्हणा हवं तर.

दुसऱ्यात जे झालं नाही किंवा वाईट झालं ते. सिनेट विरोधकांच्या हातात, आणि तिचा अध्यक्ष कोण तर तोच एर्नांदेस कोलोन, चार वर्षं समोर बसून होता. पोर्तो रिकोच्याच कुलेब्रा या छोट्या बेटावर अमेरिकन नौदलाचा बॉम्बफेकीचा सराव, त्यावर आंदोलनं, नौदल तिथून गेलं ते १९७५ ला, तोवर फेर्रे पदावर नव्हते. आणि विद्यापीठ. ४ मार्च १९७० ला रिओ पिएद्रासमध्ये, जिथे हे विद्यापीठ आहे, दंगल चालू असताना बाल्कनीत उभी असलेली अंतोनिया मार्तिनेस ही विद्यार्थिनी पोलिसांच्या गोळीने गेली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याच विद्यापीठात परत तिघं मेले, त्यातले दोन पोलीस. हे वगळून लिहिलेलं फेर्रेंचं चरित्र म्हणजे स्मरणिकेतली जाहिरात. मी वगळलं होतं, माहिती नव्हती म्हणून नाही, "मूड जाईल" म्हणून, आणि ती जास्त मोठी चूक.

घरचे लोक शेवटी "परिवार" म्हणून एका परिच्छेदात कोंबू नका, ते गोष्टीत पात्रं म्हणून येऊ द्या. बायको लोरेन्सिता १९७० ला गेली, नवरा पदावर असताना. मग मुलगी रोसारियो गव्हर्नरच्या घरची यजमानीण झाली, पाहुणे, समारंभ, सगळं. आणि हीच रोसारियो नावाजलेली लेखिका झाली आणि बापाच्या बरोब्बर उलट, बेटाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभी राहिली. बरं तिथेही गोष्ट संपत नाही, १९९८ ला तिने जाहीर सांगितलं की आता मी राज्याच्या बाजूने आहे. फेर्रेंची एक बहीण इसोलिना, ती नन झाली, पोन्सेच्या बंदराकडच्या गरीब वस्तीत आयुष्य काढलं. भावाला १९९१ ला आणि बहिणीला १९९९ ला अमेरिकेचा तोच सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, एकाला सिमेंट-राजकारण-कला यातून आणि दुसरीला वस्तीतून. एक पुतण्या मायामीचा महापौर झाला. असं घर असलं की लेखकाने फक्त बाजूला उभं राहायचं.

कलेबद्दल लिहिताना पण "कलाप्रेमी होते" एवढ्यावर सोडू नका, एक खरेदी पकडा आणि ती सांगा. फेर्रेंनी १९५९ ला पोन्सेमध्ये कलासंग्रहालय सुरू केलं, १९६५ ला त्याची नवी इमारत झाली, आर्किटेक्ट एडवर्ड ड्युरेल स्टोन, दिल्लीतली अमेरिकन वकिलात ज्याने बांधली तोच. आणि १९६३ ला लंडनमध्ये त्यांना फ्रेडरिक लेटनचं एक चित्र दिसलं, झोपलेली बाई, केशरी झगा, फ्लेमिंग जून. तेव्हा व्हिक्टोरियन चित्रांना कोणी विचारत नव्हतं, २००० पौंडांच्या आसपास मिळालं. आज ते जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चित्रांत आहे. जानेवारी २०२० च्या भूकंपात संग्रहालयाच्या इमारतीला तडाखा बसला, मग ही बाई न्यूयॉर्क आणि लंडन फिरून आली. पडत्या भावात घ्यायचं आणि धरून ठेवायचं, १९५० ला सरकारी कारखाने घेणारा हाच माणूस, हे वाक्य मी लेखात घातलं नाही पण दोन गोष्टी जवळजवळ ठेवल्या, वाचकाला दिसतं.

पदावरून गेल्यावरची तीस वर्षं भराभर घ्या. १९७७ ला सिनेटचे अध्यक्ष, ऐंशीच्या दशकात मधेच निवृत्ती, १९८० ला दुसरं लग्न. सिमेंट कंपनी २००२ मध्ये मेक्सिकोच्या सेमेक्सने घेतली, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात फेर्रे गेले. राजधानी सान हुआनहून पोन्सेला जाणारा मोठा हायवे त्यांच्या नावाने आहे, राजधानीतलं मोठं कलाकेंद्र पण.

लिहून झालं की पाठवायच्या आधी दोनच गोष्टी करा. एक, "मग" शब्द शोधा आणि जिथे जिथे दोन वर्षांच्या मधे तो बसलाय तिथे मधे काय झालं ते तपासा, माझ्या पहिल्या मसुद्यात अकरा निघाले. आणि दोन, फाइंड-रिप्लेस मारून "राज्यपाल" उडवा. मी दुसऱ्यांदा बोललो तेव्हा तेच काका पहिल्या रांगेत होते, यावेळी त्यांचा प्रश्न होता, "त्या साडूचं पुढे काय झालं रे?"